अबोल औदार्य आणि घेणाऱ्याचे दायित्व

मनुष्याच्या आयुष्यात उपदेश पुष्कळ होतो आणि पालट थोडा होतो. बालपणापासून मातापिता सांगतात, गुरुजन सांगतात, ग्रंथ सांगतात. ऐकणारा मान डोलावतो आणि पूर्वीच्याच वाटेने चालू लागतो. परंतु कधीकाळी असा एखादा पुरुष अथवा अशी एखादी स्त्री भेटते, की जी उपदेशाचे एक अक्षरही उच्चारीत नाही. समोरच्याची अडचण ती ओळखते, ती दूर करण्यासाठी जे करावयाचे ते करते, आणि काही घडलेच नाही अशा रीतीने आपल्या कामाला लागते. अशा भेटीनंतर घेणारा घरी परततो तेव्हा त्याच्या अंतःकरणात काहीतरी हललेले असते. शंभर प्रवचनांनी जे झाले नाही ते त्या एका भेटीने झाल्यासारखे वाटते.

हे जे होते, त्याचे स्वरूप काय? दुसऱ्याच्या चांगुलपणाने मनुष्य खरोखर चांगला होतो, की चांगले झाल्याचा त्याला केवळ भास होतो? आणि ती प्रेरणा खरी असेल, तर ती घेणाऱ्यावर काही दायित्व टाकते की नाही? प्रश्न साधा दिसतो. तथापि साधकाच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा आहे. कारण संतसज्जनांची भेट पुष्कळांना घडते, आणि त्यांपैकी बहुतेक जण त्या भेटीचे गोड स्मरण उराशी धरून होते तसेच राहतात.

पूर्वपक्ष

या विषयात तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, गुण हा ज्याचा त्याच्यापाशी असतो. शेजाऱ्याच्या ताटातील अन्न पाहून आपली भूक भागत नाही. तद्वत् दुसऱ्याचे औदार्य पाहून आपला लोभ जात नाही. दुसरा आक्षेप असा की, अशा भेटीने येणारी भावना स्मशानवैराग्यासारखी असते. चिता पेटलेली असेतोवर संसार असार वाटतो. नदीवर स्नान करून मनुष्य घरी आला की पुन्हा हिशेबाची वही उघडतो. तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. उपकार घेणारा उपकारकर्त्याच्या छायेत जातो. तो त्याच्यासारखे बोलू लागतो, त्याच्यासारखे वागू लागतो, आणि स्वतःची विवेकबुद्धी गहाण टाकतो. मग अशा प्रेरणेने त्याचे कल्याण झाले असे कसे म्हणावे?

हे तीनही आक्षेप पोकळ नाहीत. त्यांचे समाधान करावयाचे तर आधी एखादा प्रत्यक्ष दृष्टांत समोर ठेवला पाहिजे. केशिराजव्यासांनी दृष्टांतपाठात जी रीत घालून दिली ती हीच होय: आधी सूत्र, मग दृष्टांत, आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे त्या दृष्टांताचा प्रस्तुताशी संबंध. तीच रीत येथे स्वीकारली असता विषय सुगम होईल. दृष्टांत अलीकडच्या काळातील आणि सर्वांच्या परिचयाचा आहे: गोपाळ कृष्ण गोखले आणि मोहनदास करमचंद गांधी यांचा.

दृष्टांत

दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची दुःस्थिती देशबांधवांना सांगण्यासाठी गांधी १८९६ साली हिंदुस्थानात आले होते. त्या वर्षी ते पुण्यास गेले. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते आणि देशात त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. पुण्यात ते लोकमान्य टिळकांना भेटले, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले, आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गोखल्यांना भेटले. पुढे आत्मकथेत त्यांनी या काळातील थोरांची तुलना केली आहे. फिरोजशहा मेहता त्यांना हिमालयासारखे वाटले, टिळक समुद्रासारखे, आणि गोखले गंगेसारखे. हिमालय चढता येत नाही, समुद्रात सहज उतरवत नाही. गंगेत मात्र कोणीही उतरावे. ही तुलना थोरवीचे मोजमाप करण्यासाठी नाही. तिच्यात नवख्या माणसाचा अनुभव आहे: कोणाजवळ गेले असता संकोच गळून पडतो, एवढेच ती सांगते.

पाच वर्षांनी, १९०१ च्या डिसेंबरात, कलकत्त्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले. दक्षिण आफ्रिकेविषयीचा ठराव मांडावा म्हणून गांधी तेथे आले होते. विषयनियामक समितीच्या बैठकीत एकामागून एक ठराव येत होते, रात्र चढत होती, थोरथोर पुढारी उठण्याच्या घाईत होते. या नवख्या माणसाला मध्येच बोलण्याचे धैर्य होईना. त्याने गोखल्यांजवळ जाऊन हळूच विनवणी केली. आपला ठराव आपल्या ध्यानाबाहेर गेलेला नाही, असे गोखल्यांनी त्यास सांगितले. आणि वेळ येताच, हा ठराव आपण पाहिला आहे, एवढे बोलून त्यांनी तो पुढे नेला. ठराव एकमताने संमत झाला. येथे गोखल्यांनी कोणते मोठे दान केले? पैसा दिला नाही, भाषणही केले नाही. एका संकोची माणसाचे काम त्यांनी मनात जपून ठेवले होते, आणि थकलेल्या सभेतही ते निसटू दिले नाही.

अधिवेशनानंतर गांधी कलकत्त्यातील इंडिया क्लबात उतरले. गोखलेही त्या वेळी शहरातच होते. गांधी स्वभावाने भिडस्त आहेत, बोलावल्याने येतीलच असे नाही, हे ओळखून गोखले स्वतः क्लबात गेले आणि त्यांना आपल्या बिऱ्हाडी घेऊन आले. तेथे गांधी सुमारे एक महिना राहिले. घरात परकेपणा वाटू नये म्हणून गोखल्यांनी त्यांना धाकट्या भावासारखे वागविले. भेटीस येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाशी त्यांची ओळख करून दिली. त्यांत रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय होते. राय यांना दरमहा आठशे रुपये वेतन मिळते, त्यांतील चाळीस रुपये ते स्वतःसाठी ठेवतात आणि उरलेले लोककार्यास देतात, हा परिचय गोखल्यांनी करून दिला. राय यांनी स्वतः नव्हे. औदार्य ज्याचे असते तो त्याविषयी बोलत नाही, आणि बोलणारा दुसऱ्याच्याच औदार्याविषयी बोलतो, ही सज्जनांच्या मेळ्याची खूण येथे दिसते.

महिना सरला. गांधींनी परतीचा प्रवास तिसऱ्या वर्गाने करण्याचे ठरविले, कारण गरीब उतारूंचे हाल त्यांना जाणून घ्यावयाचे होते. त्यासाठी त्यांनी कॅनव्हासची एक पिशवी बारा आण्यांना विकत घेतली. गोखल्यांना प्रथम या कल्पनेचे हसू आले. परंतु तिच्यामागील हेतू कळताच त्यांनी तिला मान्यता दिली. त्यांनी एक धातूचा डबा आणविला आणि त्यात लाडू व पुऱ्या भरून दिल्या. नंतर ते राय यांना घेऊन स्टेशनवर निरोप देण्यास गेले. गांधी पहिल्या वर्गाने गेले असते तर आपण आलो नसतो, आता मात्र येणे भाग पडले, असे ते म्हणाले. गोखल्यांच्या डोक्यावर रेशमी पागोटे होते, म्हणून त्यांना फलाटावर सहज सोडण्यात आले. साध्या बंगाली वेषातील राय यांना तिकीट तपासनिसाने अडविले. हे आपले मित्र आहेत, असे गोखल्यांनी सांगितल्यावर त्यांना आत येता आले.

पुढे १९१२ च्या ऑक्टोबरात गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले. जोहान्सबर्ग येथे त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी व्हावयाची होती. त्या प्रसंगी पांघरावयाच्या उपरण्यास सुरकुत्या पडल्या होत्या आणि धोब्याकडे पाठविण्यास वेळ नव्हता. गांधींनी ते इस्त्री करून देण्याची तयारी दाखविली. तुमच्या वकिलीवर माझा विश्वास आहे, धोबीकामावर नाही, अशा आशयाचे गोखले बोलले. आणि ते उपरणे बिघडले तर काय, म्हणून काळजीत पडले. ते उपरणे त्यांना महादेव गोविंद रानडे यांनी दिलेले होते. रानडे १९०१ च्या जानेवारीत निवर्तले होते. गुरूची ती भेट शिष्याने मोठ्या आस्थेने जपली होती, आणि खास प्रसंगीच ती वापरली जाई. गांधींनी काळजीपूर्वक इस्त्री केली आणि गोखल्यांची पसंती मिळविली. रानड्यांचे प्रेम ज्यात होते ते वस्त्र गांधींच्या हातून सरळ होऊन गोखल्यांच्या खांद्यावर आले. तीन पिढ्यांचा अबोल स्नेह एका उपरण्यात पाहावयास मिळावा, असा हा प्रसंग आहे.

शंकासमाधान

आता पहिल्या आक्षेपाचा विचार करू. गुण एकाचा दुसऱ्यास देता येत नाही, हे खरे. तथापि सज्जनाची भेट गुण देत नसली तरी एक वस्तू हिरावून घेते, आणि ती वस्तू म्हणजे सबब. मनुष्य स्वार्थाने वागतो तेव्हा तो स्वतःस दुष्ट म्हणत नाही. सगळे जग असेच आहे, असे वागल्यावाचून निभाव लागत नाही, निःस्वार्थ वागणे ग्रंथात शोभते, असे तो मनास समजावितो. या समजुतीच्या आडोशाने त्याचा लोभ निर्धास्त राहतो. मग एके दिवशी त्याच्यासारखाच संसारात असलेला, त्याच्याइतकाच कामात गुंतलेला एक मनुष्य समोर येतो आणि सहज रीतीने, कष्ट न दाखविता, ते निःस्वार्थ वागणे करून दाखवितो. त्या क्षणी आडोसा पडतो. अशक्य म्हणून जे बाजूस सारले होते ते शक्य आहे, हे डोळ्यांनी पाहिले जाते. शेजाऱ्याच्या ताटातील अन्नाने भूक भागत नाही. परंतु गावात धान्यच नाही, अशी ज्याची समजूत असेल, त्याला ते ताट पाहून चूल पेटविण्यास उठावे लागते.

यावरून प्रेरणा ही गोड वस्तू आहे, हा समजही दूर व्हावा. तिच्या पोटी एक बोचणी असते. अबोल औदार्याने कोणावर ठपका ठेवलेला नसतो. म्हणूनच त्याविरुद्ध स्वसमर्थन करण्यास जागा राहत नाही. उपदेशकाशी वाद घालता येतो, त्याचे दोष काढता येतात. जो काही बोललाच नाही त्याच्याशी वाद कसा घालावा?

दुसरा आक्षेप स्मशानवैराग्याचा. याचे उत्तर असे की, पुष्कळांच्या बाबतीत तो आक्षेप खरा आहे. भेटीचा आनंद आणि भेटीचा परिणाम या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि आनंदालाच परिणाम समजणे हा साधकाचा नेहमीचा प्रमाद होय. थोर माणसाच्या आठवणी रंगवून सांगणारे अनेक असतात. त्या सांगताना त्यांचे डोळे पाणावतात, आणि त्याच दिवशी दारी आलेल्या गरजू माणसास ते उद्या यावयास सांगतात. त्यांची स्तुती खोटी नसते. ती कृतीची जागा घेते, एवढाच तिचा दोष, आणि तो दोष लहान नव्हे. कौतुक करणे हे ऋण फेडण्यासारखे वाटते. वस्तुतः ते ऋणाची कबुली असते, फेड नव्हे. म्हणून कसोटी एकच: जे आपणास मिळाले ते, ज्याला ते मिळालेले नाही अशा तिसऱ्यापर्यंत पोहोचले की नाही.

येथे गोखल्यांच्या पूर्वायुष्याकडे पाहिले पाहिजे. त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. १८७९ साली वडील वारले, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले, दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चालत होते. पुढे महाविद्यालयाच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा वहिनींनी अंगावरील दागिने काढून दिले. १८८४ साली गोखले पदवीधर झाले. नंतर पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत, जेथे आजीव सभासद दरमहा पंच्याहत्तर रुपयांवर वीस वर्षांच्या सेवेची प्रतिज्ञा करीत, तेथे त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घातली, आणि १९०५ साली भारत सेवक समाजाची स्थापना केली.

विधिमंडळातील गोखल्यांची भाषणे छापली गेली. त्यांचे नाव शाळांना व संस्थांना दिले गेले. ज्या वहिनीने दागिने काढून दिले तिचे नाव सामान्य वाचकास ठाऊकही नसते. पण कलकत्त्याच्या स्टेशनावर एका तरुणाच्या हाती लाडू-पुऱ्यांचा डबा देणारा जो हात होता, तो अशाच एका घरात घडलेला होता. सात रुपयांत भागविणाऱ्या घराने आठ रुपये बाहेर धाडले. ते आठ रुपये कोणत्या रूपाने कोठवर गेले, याचा हिशेब त्या घरात कोणी मांडला नसेल. मांडला असता तर ते औदार्य राहिले नसते.

तिसरा आक्षेप परावलंबनाचा. उपकाराच्या भाराखाली घेणाऱ्याची बुद्धी दबते, हे भय वाजवी आहे. परंतु हा परिणाम औदार्याचा नसून औदार्यात मिसळलेल्या अहंतेचा आहे. देणारा जेव्हा देण्याबरोबर स्वतःसही पुढे करतो तेव्हा घेणारा दबतो. गोखल्यांचे तसे नव्हते. गांधींनी १९०९ साली लिहिलेले ‘हिंद स्वराज्य’ गोखल्यांना मुळीच पटले नाही. ते घाईने व अपक्व विचाराने लिहिलेले आहे, आणि हिंदुस्थानात वर्षभर राहिल्यावर लेखक स्वतःच ते नष्ट करील, असे भाकीत त्यांनी केले होते. ते भाकीत खरे ठरले नाही. परंतु मतभेद इतका मोठा असता स्नेह तिळमात्र उणा झाला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९१५ च्या जानेवारीत गांधी कायमचे मायदेशी परतले. ते पुण्यास गेले तेव्हा भारत सेवक समाजात त्यांनी यावे, अशी गोखल्यांची इच्छा होती. परंतु दोहोंच्या कार्यपद्धतीत अंतर आहे, म्हणून काही सभासदांचे मन घेत नव्हते. तेव्हा गोखल्यांनी सांगितले की, सभासद स्वीकारोत वा न स्वीकारोत, आश्रमाचा खर्च माझ्याकडून घ्यावा; आणि समाजाच्या वहीत गांधींच्या नावे खाते उघडून लागेल ती रक्कम द्यावी, अशी सूचना त्यांनी डॉ. देव यांस दिली. प्रकृती ढासळलेली असताही गांधींसाठी योजलेल्या अल्पोपाहाराच्या मेळाव्यास ते चालत आले, तेथे मूर्च्छा येऊन पडले, त्यांना उचलून न्यावे लागले; शुद्धीवर येताच मेळावा चालू ठेवण्याचा त्यांनी निरोप धाडला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे सभासदांत दुमत आहे हे पाहून गांधींनी प्रवेशाचा आग्रह सोडला आणि आपल्या वाटेने गेले. ती वाट गोखल्यांची नव्हती. परंतु तीवर चालण्याचे बळ ज्यांनी दिले त्यांत गोखले होते, हे त्यांनी जन्मभर सांगितले.

यालाच अनुकरण आणि अनुसरण यांतील भेद म्हणतात. अनुकरणात बाह्य चर्या उचलली जाते, अनुसरणात अंतरीचा हेतू. पहिल्याने मनुष्य दुसऱ्याची प्रतिमा होतो. दुसऱ्याने तो स्वतःच्या ठिकाणी उभा राहून त्याच दिशेस तोंड करतो.

देणाऱ्यासाठी सावधगिरी

या दृष्टांतात आणखी एक प्रसंग आहे, आणि तो उदार म्हणवून घेणाऱ्या प्रत्येकाने मनन करण्यासारखा आहे. १९१२ च्या त्या भेटीत गोखले टॉलस्टॉय फार्मवर गेले. तेथे सर्व जण जमिनीवर निजत असत. पाहुण्यासाठी मात्र खाट ठेवलेली होती, आणि सेवेसाठी सगळे तत्पर होते. आपण सर्व भुईवर निजता, हे कळताच गोखल्यांनी खाट नाकारून स्वतःचे अंथरूण भुईवर घालविले. पाय चेपण्याची विनंतीही त्यांनी मानली नाही. कष्ट सोसावयास जणू तुम्हीच जन्मास आला आहात आणि लाड करून घ्यावयास माझ्यासारखे, असे तुम्हांस वाटते काय, अशा आशयाचे शब्द त्यांनी ऐकविले. त्या बोलण्यात विनोद होता आणि रागही होता.

त्यातील मर्म असे की, त्यागालाही अभिमान चिकटतो. सदैव देणारा आणि कधीच न घेणारा मनुष्य इतरांस कायमचे ऋणी करून ठेवतो. खरा उदार पुरुष देतो त्याचप्रमाणे घेतोही. इतरांच्या बरोबरीने भुईवर निजण्याचा हक्क तो मागून घेतो. औदार्य अबोल असावे, ते याचसाठी. बोलके औदार्य समोरच्यास खाली बसविते, अबोल औदार्य त्याच्या शेजारी बसते.

दार्ष्टांत

पंथाच्या इतिहासातही या अबोल औदार्याची साक्ष आहे. केशिराजव्यासांनी संस्कृतात ग्रंथरचना करू नये, असे श्रीनागदेवाचार्यांनी त्यांस सांगितल्याचे स्मृतिस्थळात नमूद आहे. आणि त्याचे कारण असे की, संस्कृतामुळे म्हाताऱ्या स्त्रिया ज्ञानास मुकल्या असत्या. त्या वृद्धांनी काही मागणे केले नव्हते. पंडितांच्या सभेत त्यांना आवाज नव्हता. जी सभेत नाहीत त्यांची अडचण आचार्यांनी सभेत आठवली, एवढेच त्यांनी केले. आणि त्या आठवणीचा लाभ सातशे वर्षे होऊन गेली तरी मराठी भाषेस मिळत आहे. सर्वांच्या ध्यानातून जे निसटते ते ध्यानात धरणे, हे औदार्याचे मूळ आहे. कलकत्त्याच्या समितीत निसटू पाहणारा ठराव ज्याने धरून ठेवला, त्याच्या ठिकाणी हेच मूळ होते.

तेव्हा सूत्रार्थ असा निष्पन्न होतो. सज्जनाची भेट ही साधकाची मिळकत नव्हे, ती त्याच्याकडे सोपविलेली ठेव होय. ठेव तिजोरीत ठेवून तिचे वर्णन करीत बसणारा तिचा अपहारच करतो. ज्याने दिले त्यास परत करणे बहुधा शक्य नसते. तो पुढे गेलेला असतो, किंवा त्यास परतफेड नकोच असते. म्हणून ती पुढच्याच्या हाती द्यावी लागते, आणि तीही त्याच रीतीने, म्हणजे न बोलता. त्यासाठी धन लागत नाही, अधिकार लागत नाही. संकोचाने दाराशी थांबलेल्या माणसास आत बोलावणे, कोणाचे तरी राहून गेलेले काम स्मरणात ठेवणे, प्रवासास निघालेल्याच्या हाती शिदोरी देणे, एवढे ज्यास जमत नाही असा मनुष्य विरळा.

रानड्यांचे उपरणे गोखल्यांनी पेटीत ठेवून त्याची पूजा केली नाही. त्याची कदर केली, आणि योग्य प्रसंगी ते खांद्यावर घेतले. मिळालेल्या चांगुलपणाचेही तसेच आहे. तो अंगावर घ्यावयाचा असतो. त्यास सुरकुत्या पडतील. त्या आपल्या हाताने काढाव्यात, आणि पुन्हा ते वस्त्र पांघरून बाहेर पडावे.